बंद घड्याळांचा जीर्णोद्धार

मराठी घरात आजोबांच्या ज्या वस्तू मागे राहतात, त्यांत चष्मा आणि अडकित्ता यांच्या जोडीला पुष्कळदा एक बंद पडलेले खिशातले घड्याळ असते. चष्मा कुणाच्या डोळ्यांना चालत नाही, अडकित्ता एखाद्या सुपारीबहाद्दराकडे जातो. घड्याळाची गोष्ट निराळी. ते कुणी टाकत नाही आणि कुणी वापरतही नाही. दसऱ्याच्या आवराआवरीत ते बाहेर येते, घरातले एखादे पोर ते कानाशी धरून हलवते, क्षणभर टिकटिक होते, वडील मंडळी ‘अरे, ठेव ते!’ म्हणून ओरडतात आणि घड्याळ पुन्हा रुमालाच्या घडीत जाऊन निजते.

अशी घड्याळे उघडून, धुऊनपुसून पुन्हा चालती करायची, हा माझा गेल्या बारा वर्षांचा छंद. पोटासाठी मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळे ‘तुमचा आणि घड्याळाचा संबंध तास संपण्यापुरता!’ असा शेरा सहकाऱ्यांकडून वरचेवर ऐकावा लागतो. आमच्या सौभाग्यवतींचे मत याहून रोखठोक आहे. भिंतीवरचे घड्याळ दोन महिने नवा सेल मागत आहे, आधी त्याचे बघा, असे त्या म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे कबूल करून मी पुढे जातो.

या छंदाला कारागिराच्या हातांइतकीच वाचकाची नजर लागते, असे माझे मत आहे. कसे, ते सांगण्यापूर्वी घड्याळाच्या पोटात काय चालते ते थोडे पाहू.

चावी दिली की एका गोल डबीत गुंडाळलेली पोलादी कमान आवळली जाते. सुटू पाहणारी ही कमान दातेरी चाकांच्या मालिकेला रेटते. या रेट्याला आवर घातला नाही, तर सारी चाके भिरभिरत क्षणात मोकळी होतील. तो आवर घालते ती शेवटच्या चाकाशी बसवलेली एस्केपमेंट. ती एका वेळी एकच दाता सुटू देते. तिला ताल देते बॅलन्सचे चाक, आणि त्या चाकाला मागे-पुढे झुलवते केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग. नेहमीच्या जुन्या घड्याळात हे ठोके सेकंदाला पाच, म्हणजे तासाला १८,०००, आणि दिवसाला ४,३२,००० पडतात. दिवसाकाठी एक मिनिट चुकणाऱ्या घड्याळाला आपण नावे ठेवतो. पण त्याची चूक १,४४० भागांत एक भाग एवढीच असते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आम्हा मंडळींना इतकी अचूकता साधती, तर विद्यार्थी धन्य झाले असते.

आता पहिला नियम: वर्षानुवर्षे बंद असलेल्या घड्याळाला चावी देऊन पाहू नये. आतले तेल सुकून चिकट झालेले असते, त्यात धूळ कालवलेली असते, आणि अशा स्थितीत यंत्र चालवले की पोलादी आसांची टोके झिजतात. एके काळी घड्याळांसाठी पॉर्पॉइज नावाच्या समुद्री प्राण्याच्या जबड्यातून काढलेले तेल उत्तम मानले जाई. अमेरिकेतील न्यू बेडफर्ड हे बंदर त्यासाठी प्रसिद्ध होते. तेही तेल काळाने आटेच. आजची कृत्रिम तेले अधिक टिकतात. पण अमरपट्टा त्यांनाही नाही.

म्हणून आधी कमानीचा ताण हलकेच उतरवायचा, मग काटे, तबकडी, बॅलन्स, चाके, असे क्रमाने एकेक उतरवून पालथ्या पेल्याखाली झाकून ठेवायचे. प्रत्येक भाग धुवायचा, माणकांची छिद्रे टोकदार लाकडी काडीने साफ करायची आणि उलट क्रमाने जुळणी करायची. तेल घालायचे ते सुईच्या टोकाने, आणि तेही मोजक्या जागी. चाकांच्या दात्यांना तर ते लावायचेच नाही. नवशिक्याला वाटते, जितके तेल तितके सुख. वास्तविक जास्तीचे तेल पसरते आणि धुळीला आमंत्रण देते.

या कामात निरनिराळ्या कुळांची घड्याळे हाती येतात. जुन्या इंग्रजी घड्याळांत सायकलच्या साखळीची पणती शोभावी अशी चिमुकली साखळी सापडते. इंग्लंडातील क्राइस्टचर्च गावी एकोणिसाव्या शतकात बायका आणि लहान मुली डोळे फोडून अशा साखळ्या जुळवीत. त्या घड्याळांचा प्रत्येक भाग त्या त्या घड्याळापुरता घासून बसवलेला असे. एकाचे चाक दुसऱ्याला सहसा बसत नाही. १८५० च्या सुमारास अमेरिकेत ॲरन डेनिसन आणि त्याच्या भागीदारांनी यंत्रावर एकसारखे भाग काढायला प्रारंभ केला. तीच पुढची वॉल्थॅम कंपनी. १८६७ साली स्वित्झर्लंडमध्ये जॉर्ज रॉस्कोफ याने मजुराला परवडेल असे, वीस फ्रँकांचे घड्याळ बाजारात आणले. त्याने भाग कमी केले आणि महागड्या माणकांच्या जागी साध्या पोलादी खिळ्या वापरल्या. आपल्याकडच्या पेट्यांतून निघणारी घड्याळे पुष्कळदा स्वित्झर्लंडचीच असतात. ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ या नावाखाली मुंबई आणि कलकत्ता अशी दोन्ही शहरे तबकडीवर मिरवणारी घड्याळे त्यांतलीच.

आता मुख्य मुद्दा. घड्याळ चालू झाले, म्हणजे जीर्णोद्धार झाला काय?

आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटले की अंगावर काटा यावा अशी परिस्थिती आहे. हेमाडपंती देवळाच्या काळ्या दगडाला भक्तिभावाने ऑइलपेंट फासलेला कुणी पाहिला नाही? घड्याळांचेही तेच होते. डाग पडलेली तबकडी पुसून तिच्यावर नवा रंग आणि ठसठशीत अक्षरे चढवतात, एका घड्याळाचे यंत्र दुसऱ्याच्या पेटीत घालतात, आणि ‘अगदी नव्यासारखे’ म्हणून विकतात. अशा घड्याळांना ‘मुंबईची रंगीत घड्याळे’ म्हणून परदेशी संग्राहक नाक मुरडतात, तेव्हा वाईट वाटते, पण उत्तर सुचत नाही. रंगारी पोटासाठी रंगवतो. चकचकीत वस्तूलाच जुनी समजणारे गिऱ्हाईक मात्र आपणच असतो.

इथे मला माझा विषय उपयोगी पडतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शिरलेले अपपाठ त्यांनी काढले. आणि स्वतः थोर कवी असूनही, या ग्रंथात कुणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. दुरुस्ती करणाऱ्याने किती करावे आणि कुठे थांबावे, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. धूळ हा अपपाठ आहे, ती काढावी. तुटलेली कमान बदलावी, कारण तिच्यावाचून वाक्य पुरे होत नाही. परंतु तबकडीवरची केसासारखी चीर, आजोबांच्या अंगठ्याने झिजलेली पेटी, ही संहिता आहे. तिला हात लावू नये.

आणि ही संहिता कधी कधी खरोखरच लिहिलेली असते. जुने घड्याळजी दुरुस्तीनंतर मागच्या झाकणाच्या आत सुईने तारीख आणि आपली खूण कोरून ठेवीत. जुन्या बाजारात घेतलेल्या माझ्या एका साध्या घड्याळात १९३१, १९३८ आणि १९४७ अशा तीन हातांच्या तीन नोंदी आहेत. मालक कोण होता, ते मला कधीच कळणार नाही. पण त्याने सोळा वर्षांत तीनदा पदरमोड करून ते चालू ठेवले, एवढे मात्र कळते.

अशा नोंदीचे सर्वांत नामांकित उदाहरण अमेरिकेतले आहे. १८६१ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या एका दुकानात जोनाथन डिलन हा कारागीर राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचे घड्याळ दुरुस्त करीत असताना फोर्ट सम्टरवरील हल्ल्याची बातमी आली. त्याने ती तिथेच यंत्रावर कोरली. १९०६ साली म्हातारपणी त्याने हे सांगितले. १० मार्च २००९ रोजी स्मिथसोनियनच्या संग्रहालयाने ते घड्याळ उघडले, तेव्हा कोरीव मजकूर खरोखरच निघाला. मात्र म्हाताऱ्याला आठवत होते तसे शब्द त्यात नव्हते. स्मृतीने पाठ बदलला होता, धातूने बदलला नव्हता. मध्यंतरी कुणी हौशी दुरुस्तीकाराने तो भाग घासून लख्ख केला असता, तर? त्याच महिन्यात, ५ मार्चला, न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींचे चांदीचे झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला आणि थाळी-वाटी यांना मिळून अठरा लाख डॉलर आले. तिथे मोल होते धन्याच्या नावाला. वॉशिंग्टनला उजेडात आले ते कारागिराचे नाव.

एक इशारा देणे कर्तव्य आहे. अंधारात दिसावेत म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळापासून पुढे कित्येक वर्षे काटे-आकड्यांना रेडियमचा रंग लावीत. तो आता चमकत नसला, तरी रेडियम जिवंतच असते. त्याचे तेज अर्ध्यावर यायला सुमारे १,६०० वर्षे लागतात. कुंचला ओठांनी टोकदार करून हा रंग लावणाऱ्या अमेरिकन कामगार मुली १९२० च्या दशकात हाल होऊन मेल्या. असा पिवळट तपकिरी रंग दिसल्यास तो खरवडू नये, घड्याळ घरी उघडूच नये.

असो. १९६९ च्या डिसेंबरात जपानने क्वार्ट्‌झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि कमानीच्या घड्याळाचे राज्य ओसरू लागले. १९६१ पासून घड्याळे बनवणाऱ्या आपल्या एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्यास सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. डोळ्याला भिंग लावून बसलेले वृद्ध घड्याळजी अजून काही गल्ल्यांत आहेत. त्यांच्या हातातली विद्या बहुतांशी पुस्तकात उतरलेली नाही. मला आले ते त्यांच्याच स्टुलाशेजारी बसून.

तेव्हा यंदाच्या दिवाळीत कपाटातले घड्याळ सापडले, तर ते अशा एखाद्या घड्याळजीकडे न्या. ‘चालू करा, पण चकचकीत करू नका,’ असे बजावा. झाकण उघडेल तेव्हा आत काही कोरलेले आहे का, ते भिंगातून वाचा आणि वहीत उतरून ठेवा. काम झाल्यावर, त्यांची हरकत नसेल तर, त्यांनाही आपली खूण आणि तारीख कोरायला सांगा. पुढे कुणीतरी ते झाकण उघडेल, त्याला ती वाचता येईल.