वस्तीतील कुत्रा कोणाचा?

वऱ्हाडातील कोणत्याही शहराच्या कडेला वसलेल्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत दारापुढे बांधलेली शेळी, उंबऱ्याशी मांजर आणि अंगणात पहुडलेली एकदोन कुत्री हमखास दिसतात. शेळी ही गरिबाची गाय. ती दगावली की घरची बचत बुडाली. कुत्र्याचे मोल मात्र कोणत्याही हिशेबात धरले जात नाही. वास्तविक दिवसभर मजुरीला जाणाऱ्या कुटुंबाचा तोच राखणदार. त्याला शिळी भाकर मिळते, नाव मिळते. लस तेवढी मिळत नाही.

1960 च्या कायद्यान्वये केलेल्या 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी जबाबदारीची वाटणी केली आहे. पाळीव प्राण्याची नसबंदी व लसीकरण मालकाने करावे, रस्त्यावरील कुत्र्यांचे स्थानिक संस्थेने. कागदावर ही विभागणी निर्दोष आहे. परंतु अकोल्यात मोर्णेच्या काठी किंवा अमरावती-बडनेऱ्याच्या वस्त्यांत राहणारा कुत्रा या दोन्ही खणांत बसत नाही. पालिकेचे पथक त्याला पकडू लागले म्हणजे तो ‘आमचा’ ठरतो आणि शस्त्रक्रियेच्या खर्चाची गोष्ट निघाली की ‘गल्लीचा’. परिणामी त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

फुकट का द्यावे?

माणसांनाच जेथे औषधपाणी पुरत नाही, तेथे कुत्र्यामांजरांचे लाड कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. तथापि अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे प्रश्न दयेचा नसून लाभ कोणाकडे जातो याचा आहे. कुत्र्याला टोचलेल्या लशीचा खर्च एक कुटुंब सोसते. लाभ मात्र सबंध आळीला, शाळेच्या वाटेवरील पोरांना आणि पहाटे कामावर निघणाऱ्या बायाबापड्यांना मिळतो. लाभ असा वाटला गेला की वैयक्तिक मागणी तोकडी पडते. म्हणूनच अशा सेवेची किंमत समाजाने चुकती करावी लागते.

न केलेल्या खर्चाचीही किंमत असते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 59 हजार माणसे या रोगाने मरतात आणि त्यांतील एकतृतीयांशाहून अधिक भारतात. सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळते हे खरे. पण कातडीत टोचण्याच्या लशीसाठीही चार खेपा घालाव्या लागतात. मजुराच्या घरी प्रत्येक खेपेला एक रोज बुडतो.

कुत्री मारून प्रश्न सुटत नाही, हा अनुभव जुना आहे. दीर्घकाळ तो मार्ग चोखाळूनही मद्रास महापालिकेला 1996 मध्ये नसबंदीकडे वळावे लागले. शेजारच्या गोव्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे 2013 नंतर लसीकरणाची व्याप्ती वाढवीत वर्षाला सुमारे 95 हजार कुत्र्यांपर्यंत नेण्यात आली. 2021 मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. पथके दारोदार गेली, शाळांतून मुलांना शिकविले गेले. जनावर दवाखान्यात येईल याची वाट पाहत कोणी बसले नाही.

साधने आहेत, सांधा नाही

वऱ्हाडात साधनांचा अगदीच दुष्काळ नाही. अकोल्यात पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. दोन्ही शहरांना महापालिका आहेत. जिल्हा परिषदांचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. मात्र या दवाखान्यांची घडण गाय-बैल डोळ्यांपुढे ठेवून झाली. उणीव आहे ती या सर्वांना जोडणाऱ्या सांध्याची. लसीकरण व जंताचे औषध वस्तीतच, मजूर घरी असतील अशा वेळी द्यावे. त्याच फेरीत शेळ्यांचीही तपासणी करावी, म्हणजे लोक आपण होऊन पुढे येतील. नसबंदी मात्र सुसज्ज शस्त्रक्रियागृहातच व्हावी. नंतरच्या शुश्रूषेची सोय नसलेली घाईची शिबिरे लोकांचा विश्वास गमावतात. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना यातून अनुभव मिळेल आणि पालिकेला प्रत्येक वस्तीची नोंद.

‘कुत्रा कोणाचा’ हा वाद त्यानंतर खुशाल चालू द्यावा. त्याच्या चाव्याचा धोका ज्यांना आहे, त्या सर्वांचा तो आहे, एवढे गृहीत धरून पालिकांनी अंदाजपत्रकात तरतूद केली, तरी पुरे.