त्वचेसाठी काय खावं, आणि खाऊन काय बरं होत नाही

महाड-पोलादपुरात त्वचा आणि आहार हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पोराच्या गालावर पांढरे डाग आलेत, कॅल्शियम कमी आहे का?" नाही हो. कॅल्शियमचा त्या डागांशी संबंध नाही. नाचणी जरूर खा, तांदळाच्या कितीतरी पट कॅल्शियम आहे तिच्यात, पण ते हाडांसाठी. गालावरचे फिकट, कोरडे चट्टे बहुतेक वेळा तेल-मलमाने हळूहळू जातात. मात्र चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, रोग पूर्ण बरा होतो. लगेच जा.

मग आहाराचा संबंध कुठे येतो? मुलाच्या कोपरावरून, गुडघ्यावरून हात फिरवून बघा. किसणीसारखे खरखरीत दाणे लागले, तर ताटाकडे बघायचं. कोलंबोत काम करणाऱ्या डॉ. ल्युसियस निकोल्स यांनी १९३३ साली या विकाराचं वर्णन केलं. त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थच 'बेडकाची कातडी'! 'अ' आणि 'ब' जीवनसत्त्वं, शिवाय तेलातली आवश्यक मेदाम्लं कमी पडली की असे दाणे येऊ शकतात. तोंडाचे कोपरे चिरतात, तेही बऱ्याचदा 'ब' किंवा लोह कमी पडल्यामुळे.

आता आपल्याकडे काय आहे ते बघू. पहिल्या पावसानंतर बांधावर टाकळा येतो, परसात शेवगा असतोच. या पाल्यांत 'अ' जीवनसत्त्व तयार करणारं द्रव्य असतं, पण ते अंगी लागायला तेल हवं. नुसती उकडलेली भाजी देऊ नका, फोडणी घाला. वर ओलं खोबरं घालतो ते चांगलंच, फक्त खोबऱ्यात आवश्यक मेदाम्लं फार थोडी. ती शेंगदाण्यात, तिळात, कारळ्यात मिळतात. म्हणून कारळ्याची चटणी आम्हाला फार मोलाची वाटते. भाताची पेज ओतून टाकू नका, 'ब' जीवनसत्त्वं पाण्यात उतरलेली असतात. सोबत कुळथाची पिठी किंवा सुकट असली की प्रथिनंही आली. कातडी सतत नवी होत असते, तिला ती लागतातच.

पण लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, जांघेत नायटा उठतो, त्याला कुठलाच आहार पुरत नाही. टाकळा खाल्ला की नायटा जातो असं जुनी माणसं सांगतात. भाजी खा, पण औषध वेगळं घ्यावंच लागतं. आणि दुकानातून मागून आणलेलं मलम? त्यात बरेचदा स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, आत बुरशी पसरत राहते, मग घरभर होते. असं मलम लावलं असेल तर लपवू नका. ट्यूब रिकामी झाली असली तरी टाकू नका, दवाखान्यात येताना सोबत आणा.