मीटरच्या पोटातलं घड्याळ

कोलाडला कुंडलिका नदी सकाळी येते. पावसाळा सरला की पात्रात खडक उघडे पडतात, पाणी जेमतेम घोट्याएवढं असतं आणि राफ्टिंगसाठी पहाटेच मुंबई-पुण्याहून निघालेली मंडळी लाईफ जॅकेट घालून काठावर वाट बघत बसतात. मग वरून, भिऱ्याच्या वीजघरातून, पाणी सुटतं आणि थोड्या वेळात खडक दिसेनासे होतात. टाटांचं हे वीजघर १९२७ सालचं. त्याच्यासाठी मुळशीला धरण झालं, आणि त्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला. मुळशीचं पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून सुमारे अर्धा किलोमीटर खाली पडतं, जनित्रं फिरवतं आणि कुंडलिकेतून रोह्याकडे निघतं. मुंबईला वीज लागेल तेव्हा पाणी सोडायचं, ही इथली जुनी रीत. पुढे भिऱ्यात १५० मेगावॅटचा असा एक संच बसला, की जो वीज मुबलक असताना खालचं पाणी उलट वर चढवतो आणि मागणी वाढली की तेच पाणी पुन्हा खाली सोडून वीज करतो.

विजेला वेळ असते, हे रोह्याच्या नदीकाठाला असं जवळजवळ शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. एका वेळचं युनिट आणि दुसऱ्या वेळचं युनिट दिसायला सारखं, किमतीला वेगळं. फक्त हा हिशेब आजवर वीजघरं आणि कारखान्यांपुरता होता. आता तो पेण-रोह्याच्या घरांच्या ओटीवर आला आहे, टीओडी मीटरच्या रूपाने.

टीओडी म्हणजे टाइम ऑफ डे. राज्यात आधी ‘स्मार्ट प्रीपेड मीटर’ या नावाने बराच गदारोळ झाला, २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारने जाहीर केलं, आणि त्यानंतर बिल नेहमीसारखं महिन्याने देणारा हा मीटर या नव्या नावाने दारोदार बसू लागला. वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार १ जुलै २०२५ पासून असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत ठरली: सुरुवातीला युनिटमागे ८० पैसे, पुढच्या पाच वर्षांत ती रुपयापर्यंत जायची. याच्या मुळाशी केंद्राचा १४ जून २०२३ चा नियम आहे. सूर्य तळपत असताना सौरवीज भरपूर असते, तेव्हा त्या आठ तासांचा दर कमी ठेवा आणि मागणी चढते तेव्हाचा जास्त, असं तो सांगतो.

(आषाढात पेणला दहा-दहा दिवस ऊन दिसत नाही. कारखान्यांत गणपती वाळता वाळत नाहीत, हमरापूर-जोह्याकडे मूर्तिकार आभाळाकडे बघत बसतात. मीटरचा सूर्य मात्र बरोबर नऊला उगवतो. तो सूर्य सगळ्या राज्याच्या हिशेबातला आहे, आपल्या अंगणातला नव्हे.)

जुना मीटर आठवून बघा. काचेआड ॲल्युमिनियमची चकती फिरायची, तिच्या कडेवर एक काळा ठिपका. किती वीज गेली एवढंच तो मोजायचा, कधी गेली हे त्याला कळतच नव्हतं. त्यामुळे त्याच्यावरचा संशयही एकाच प्रकारचा: मीटर पळतो. चार घरांत चौकशी व्हायची, वायरमनला गाठलं जायचं, कुणी सगळे दिवे घालवून चकती थांबते का ते बघायचं. या संशयाची भाषा आपल्याकडे तयार होती. टीओडी मीटर युनिटं अगदी चोख मोजून ती चुकीच्या वेळेत टाकू शकतो. तो पळत नाही, मागे पडतो. मागे पडणं आपण आजवर मनगटावरच्या घड्याळाबद्दल बोललो.

कारण मीटरच्या पोटात खरंच घड्याळ आहे. क्वार्ट्‌झचा एक चिमुकला काटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा दोनाचा पंधरावा घात. तो पंधरा वेळा निम्मा केला की नेमका एक सेकंद हाती येतो. मनगटी घड्याळात असतो तोच हा स्फटिक, फक्त मनगट त्याला बऱ्यापैकी एकाच तापमानात ठेवतं आणि मीटर पडवीच्या भिंतीवर किंवा इमारतीच्या गेटजवळ पत्र्याच्या पेटीत तापत असतो. हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वांत खरा चालतो. त्याहून तापला तरी मंदावतो, गार पडला तरी मंदावतो. पेटीत ५५ अंश झाले तर तो दिवसाला सुमारे पावणेतीन सेकंद मागे पडेल. चांगल्या मीटरमध्ये या घसरणीची भरपाई करणारी सोय असते. तशी नसेल, तर स्फटिकाच्या नेहमीच्या दहा लाखांत वीस या फरकानेसुद्धा वर्षाला साडेदहा मिनिटं इकडची तिकडे होतात.

लाईट गेली म्हणून हे घड्याळ थांबत नाही, त्याला स्वतःचा लिथियमचा सेल असतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडातली कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती, खांब आडवे, तारा शेतात. अशा वेळी इलेक्ट्रॉनिक मीटरमधलं घड्याळ या सेलच्या जोरावर चालत राहतं. सेल मेलेला असेल, तर वीज परत आल्यावर मीटरला तारीखही आठवत नाही.

मग तारेतल्या विजेवरच घड्याळ का चालवत नाहीत? आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, ती मोजली की झालं. युरोपात स्वयंपाकघरातल्या ओव्हनची घड्याळं अशीच चालतात. २०१८ च्या सुरुवातीला सर्बिया आणि कोसोव्होमधल्या वादात तिथल्या ग्रिडमध्ये वीज कमी पडली, आवर्तनं किंचित मंदावली आणि मार्चपर्यंत पंचवीस देशांतली ती घड्याळं सहा मिनिटं मागे पडली. आपल्याकडे १९९० च्या दशकात आवर्तनं ४८.५ पर्यंत घसरायची. तेव्हा असं घड्याळ दिवसाकाठी त्रेचाळीस मिनिटं हरवून बसलं असतं. क्वार्ट्‌झच बरं.

नव्या मीटरला वर एक धनीही आहे. मोबाइलसारख्या जाळ्यातून तो मुख्य संगणकाशी बोलतो आणि तिथून वेळ जुळवून घेतो, त्यामुळे जाळं पोचतं तिथे सेकंदा-मिनिटांची घसरण आपोआप पुसली जाते. रेंज नसलेल्या डोंगरकपारीच्या वाडीतला मीटर मात्र स्वतःच्या स्फटिकाच्या भरवशावर.

पण खरी गडबड सेकंदांची नसतेच. घड्याळ लावतानाच चूक झाली तर फरक तासांचा पडतो. ग्रीनिचची वेळ तशीच राहिली तर साडेपाच तास, सकाळ-रात्रीची अदलाबदल झाली तर बारा. आणि याहून फसवी गोष्ट म्हणजे घड्याळ अगदी बरोबर, पण आतलं वेळापत्रक जुनं. मीटरमध्ये युनिटं साठवायला आठपर्यंत खण असतात, आणि कोणत्या तासाचं युनिट कोणत्या खणात टाकायचं हे एक तक्ता ठरवतो. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांना हा तक्ता वर्षानुवर्षं पाठ होता: रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सूट, सकाळी ९ ते १२ ऐंशी पैसे जादा, संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जादा. रात्रपाळ्या या आकड्यांवर बसवलेल्या असत. २०२५ च्या आदेशांनी स्वस्त वेळ रात्रीतून उचलून भर दुपारी आणून ठेवली. ज्या मीटरच्या पोटात अजून जुनी रात्रच स्वस्त असेल, त्याच्या घड्याळात सेकंदाचाही दोष सापडणार नाही.

आता एक हिशेब मांडतो, कारण सगळी मेख त्यात आहे. धाटावला एखादा कारखाना अहोरात्र तासाला हजार युनिटं ओढतो आणि त्याचा मीटर अर्धा तास मागे आहे, असं समजा. जुन्या दराने रात्री दहाला त्याचं १,३०० रुपये नुकसान होतं, कारण मीटरच्या मते अजून महाग संध्याकाळच चालू आहे. पण सकाळी सहाला सूट अर्धा तास लांबते, ७५० परत आले. संध्याकाळी सहाला जादा आकार अर्धा तास उशिरा लागतो, आणखी ५५० आले. नऊ आणि बाराचं आपापसात फिटतं. बेरीज शून्य. चोवीस तास एकसारखी वीज वापरणाऱ्याला मीटरच्या घड्याळाशी देणंघेणंच नाही. घरातल्या फ्रिजचंही तसंच.

भुर्दंड पडतो तो वेळ बघून वागणाऱ्याला. म्हणजे विहिरीचा पंप पहाटेऐवजी नऊनंतर लावणारी, वॉशिंग मशीन दुपारी फिरवणारी, गिझर बंद ठेवून बंबात पाणी तापवणारी घरची बाई. सवलत मिळावी म्हणून सगळ्या घराची शिस्त तिने बदलली आणि मीटर मात्र बारा तास उलटा, तर तिची सगळी मेहनत त्याच्या लेखी मध्यरात्रीची. शेजारी रात्रभर एसी लावून झोपणारा माणूस तशाच उलट्या मीटरवर फुकट सवलत खातो. तो तक्रार करेल असं मला वाटत नाही. चुकीचं घड्याळ आळशाला काही करत नाही, ते फक्त सांगितलं ते ऐकणाऱ्याला बुडवतं. रक्कम मोठी नसते हे खरं. महिन्याला साठ युनिटं दिवसात आणली तर ऐंशी पैशांनी अठ्ठेचाळीस रुपये. पण ते अठ्ठेचाळीस रुपये तिने कमावलेले असतात.

हा अनुभव जगाला नवा नाही. इंग्लंडात १९७८ पासून ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाचा दर आहे, रात्रीचे सात तास स्वस्त. तिथले जुने मीटर यांत्रिक वेळबटणावर चालत. वीज जाऊन आली की काही बटणं तेवढा वेळ मागे राहत आणि लोक पहाटे उठून कोणते आकडे फिरताहेत ते पाहत. पुढे बीबीसीच्या लाँग वेव्ह रेडिओवरून, गाण्या-बातम्यांच्या आड लपवून, मीटरना इशारे पाठवायची युक्ती निघाली. ती व्यवस्था जुनी झाली म्हणून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली. शिवाय त्यांच्याकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे सरकतात, मीटर सरकतीलच असं नाही. आपण त्या कटकटीतून वाचलो. अर्थात एका देशात दोन वेळा नांदण्याचा अनुभव आपल्यालाही आहे: १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने स्वतःची, ३९ मिनिटं मागे असलेली, ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही.

मीटर तपासायला कुणाला बोलवायची गरज नाही. मीटरवरचं बटण दाबत गेलं की आकडे पुढे सरकतात: तारीख, वेळ, एकूण युनिटं, मग एकेका खणातली युनिटं. वेळ दिसली की मोबाइल शेजारी धरावा आणि दोन्ही घड्याळं एकाच फोटोत यावीत असं बघावं. दोन-चार मिनिटांचा फरक असेल तर सोडून द्या, माझं तरी मत तसं आहे. तासांचा असेल तर लेखी तक्रार करावी, पोच घ्यावी, आणि मीटर बदलायची घाई करू नये.

कारण मीटर स्वतःविरुद्ध साक्ष देऊ शकतो. दर अर्ध्या तासाला किती वीज गेली याची तो वेगळी नोंद ठेवतो. घड्याळ किती चुकलं हे एकदा कळलं की या नोंदी तेवढ्याच सरकवून खरा हिशेब पुन्हा मांडता येतो. घड्याळ कधी बदललं याचीही नोंद आत पडते, म्हणून ‘आम्ही वेळ दुरुस्त केली’ एवढ्यावर समाधान न मानता दुरुस्तीच्या आधीची नोंद मागावी. या नोंदी ठरावीक दिवसांनंतर पुसल्या जातात, तेव्हा ‘बघू पुढच्या बिलाला’ इथे महागात पडतं. कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल.

घड्याळ बरोबर दिसतंय, पण आतला तक्ता बरोबर आहे का, हे कळायला मात्र फोटो पुरत नाही. त्यासाठी घरच्या घरी करायचा एक प्रयोग आहे. दुपारी बाराला खणांतले सगळे आकडे कागदावर उतरवून घ्यायचे. एक अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण एक युनिट घेतो, तो तासभर चालवायचा. टाकी भरली की पुन्हा मीटरसमोर उभं राहून बटण दाबायचं आणि ते एक युनिट कोणत्या खणात पडलं ते बघायचं. तोच प्रयोग रात्री आठला. दोन्ही युनिटं एकाच खणात सापडली, किंवा बिलातल्या नऊ ते पाचच्या रकान्यात रात्रीचं युनिट दिसलं, तर कागद जपून ठेवायचा आणि त्यावर तारीख घालायची.