चाळीस हजारांचं नुकसान, दोन भरपाया

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला शिराळा तालुका. दक्षिणेच्या हद्दीवर वारणा, तालुक्याच्या गावाजवळून मोरणा आणि उशाला चांदोलीचं ३४ टीएमसीचं धरण. पावसानं जोर धरला आणि धरणातून विसर्ग वाढला, की सागाव, मांगले, देववाडी अशा वारणाकाठच्या गावांचा जीव टांगणीला लागतो. २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर कृष्णा-वारणा खोऱ्यानं पाठोपाठ सोसले. पूर ओसरला की उसाच्या भरपाईवर सगळे बोलतात. दुकानांच्या भरपाईवर फारसं कुणी बोलत नाही. पण तिच्या नियमातलं एका ओळीचं गणित मला थक्क करतं.

३ ऑगस्ट २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळानं पूरग्रस्तांसाठी ११,५०० कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली. थेट मदतीचे त्यातले १,५०० कोटी. बाकीचे पुनर्बांधणीसाठी आणि पुढचे पूर आवरण्याच्या कामांसाठी. दुकानदारांसाठी नियम होता: नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५०,००० रुपये.

आता हिशेब करून बघा. किराणा दुकानात साखरेची पोती विरघळली, डाळी कुजल्या, एकूण ६०,००० गेले. दुकानदाराला ४५,००० मिळाले. शेजारच्या मोठ्या कापड दुकानाचे ५ लाख बुडाले. त्याला मिळाले फक्त ५०,०००, म्हणजे नुकसानीचा जेमतेम दहावा हिस्सा. साधारण ६६,६६७ रुपयांच्या नुकसानीपर्यंत प्रत्येकाला पाऊण भरपाई, आणि तिथून पुढे नुकसान जितकं मोठं तितका भरपाईचा वाटा कमी. कुणाचं उत्पन्न विचारलं नाही, दारिद्र्यरेषेचा दाखला मागितला नाही, तरी नियमाचा कल आपोआप लहान दुकानदाराकडे झाला. एक कमाल मर्यादा ठरवली की सामाजिक न्यायाचं एवढं काम ती मुकाट्यानं करून टाकते, हे मला फार सुंदर वाटतं.

पण त्याच निर्णयात टपरीधारकांसाठी वेगळी ओळ होती: ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त १०,०००. इथे पाऊण भरपाई १३,३३३ रुपयांच्या नुकसानीलाच संपते. आजच्या टपरीत काय असतं? शेगडी, सिलिंडर, थंड पेयांचा फ्रिज, बिस्किटांचे बॉक्स, कुठे मोबाइलची कव्हरं आणि चार्जर. समजा, चाळीस हजारांचा माल आणि सामान गेलं. टपरीवाल्याच्या हातात १०,००० आले. तेवढंच नुकसान पक्क्या गाळ्यात झालं असतं, तर ३०,००० आले असते. नदी तीच, रात्र तीच, बुडालेली रक्कमही तीच! फरक फक्त भिंतींचा. टपरीचं नुकसान थोडंच असणार असं गृहीत धरून ही मर्यादा ठरवली असावी, आणि सरासरीनं ते खरंही असेल. पण मग ७५ टक्क्यांचा नियमच पुरेसा होता: नुकसान थोडं, तर भरपाई आपोआप थोडी. टपरीसाठी वेगळी मर्यादा ठेवल्यानं फटका बसला तो ज्या टपरीचं नुकसान मोठं होतं तिलाच.

आणि हे सगळं लाभार्थ्यांच्या यादीत नाव आल्यानंतरचं. तलाठी-ग्रामसेवक पंचनाम्याला येतात तेव्हा भिंतीवरची पाण्याची खूण दिसते, भिजलेला माल दिसतो. त्यासोबत स्थानिक रहिवासी, मतदार यादीत नाव, रेशनकार्ड, दुकानाची नोंदणी किंवा टपरीचा परवाना, एवढं जुळावं लागतं. परप्रांतातून येऊन पाणीपुरीचा गाडा लावणारा पहिल्याच अटीला गळतो. वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यावर बसणारी पण परवाना न काढलेली बाई शेवटच्या अटीला गळते.

हे आपल्याकडचंच दुखणं आहे असंही नाही. २०२० मध्ये ब्रिटन सरकारनं टाळेबंदीत अडकलेल्या छोट्या व्यवसायांना तिथल्या स्थानिक परिषदांमार्फत १०,००० पौंडांचं अनुदान दिलं. पात्र कोण, हे ठरलं व्यवसायाच्या जागेवरच्या करातल्या सवलतीवरून, कारण ती यादी परिषदांकडे तयार होती. म्हणून पैसे झपाट्यानं पोचले. पण बाजारात पाल ठोकून विकणारे आणि दुसऱ्यांसोबत एकाच जागेत कचेरी थाटणारे वगळले गेले, कारण त्यांच्या नावावर कराचं बिलच नव्हतं. त्यांच्यासाठी मे महिन्यात वेगळा निधी काढावा लागला.

आपल्याकडे त्याच वर्षी १ जूनला फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आली. ते अनुदान नव्हतं; सुरुवातीला मिळायचं १०,००० रुपयांचं विनातारण कर्ज आणि व्याजात ७ टक्के सवलत. पण तिच्यातली एक सोय मोलाची होती: सर्वेक्षणात नाव नसलेल्या फेरीवाल्याला नगरपंचायत शिफारसपत्र देऊ शकत होती. शिराळ्याला नगरपंचायत आहे, त्यामुळे खेड्यातून येऊन शिराळ्याच्या बाजारात भाजी विकणारीलाही ही वाट खुली होती. तीच बाई आपल्या गावात दारोदार भाजी विकत असती तर मात्र नाही, कारण योजना शहरी होती. शिराळ्याच्या नागपंचमीला खेळण्यांचं पाल टाकून दुसऱ्या दिवशी पुढच्या जत्रेला जाणारा तर कुठल्याच गावच्या यादीत पक्का बसत नाही.

यादीत नाव आलं, पैसेही मिळाले, तरी ते घरात कुठे जातात? २००५ मध्ये, त्सुनामीनंतर, श्रीलंकेत सुरेश डी मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि ख्रिस्तोफर वुडरफ या अर्थतज्ज्ञांनी ४०८ अगदी छोट्या व्यवसायांमध्ये चिठ्ठ्या टाकून काहींना १०,००० किंवा २०,००० श्रीलंकन रुपयांची मदत दिली. परत काहीच मागायचं नव्हतं. परतावा निघाला सरासरी महिन्याला सुमारे ५ टक्के, कुठल्याही बँकेच्या व्याजाहून कितीतरी जास्त. पण तो आला पुरुषांच्या धंद्यांतून. बायकांच्या धंद्यात सरासरी वाढ दिसलीच नाही. बायकांना धंदा जमत नाही असा निष्कर्ष कुणी काढला असता. पुढे हीच आकडेवारी इतर अभ्यासकांनी घराघराच्या हिशेबानं पुन्हा तपासली, तेव्हा उलगडा झाला. ज्या घरात नवऱ्याचाही धंदा होता, तिथे बायकोला मिळालेलं भांडवल त्याच्या धंद्यात गेलं होतं. जिथे घरातला एकमेव धंदा बाईचाच होता, तिथे तिनंही भरघोस परतावा काढला होता.

वारणाकाठी हे धडे लागू करायचे तर पावसाळ्याआधी प्रत्येक ग्रामपंचायतीनं गावातल्या दुकानांची, टपऱ्यांची, हातगाड्यांची आणि डोक्यावर पाटी घेऊन फिरणाऱ्यांची यादी करावी. धंदा प्रत्यक्ष चालवतं कोण त्याचं नाव लिहावं, आणि एका घरात दोन धंदे असतील तर दोन नोंदी कराव्यात, दोन वेगळ्या बँक खात्यांसह. तलाठ्याला मग पुरानंतरच्या चिखलात परवाना शोधत बसावं लागणार नाही. यादी हातात घेऊन तो थेट नुकसान मोजायला लागेल.