कयाक तुमची, मासे कुणाचे?

रीलवर पाहिलंच असेल तुम्ही. निळंशार पाणी, रंगीत कयाक, पुढे बाबा वल्हं मारतायत, मागे पोरगी गळ टाकून बसलीये. वडनेर भोलजीच्या पोरांना वाटेल, आपल्याकडे नळगंगा धरण आहेच की! पाणी आहे, मासे आहेत. मग या रविवारी घरच्यांना घेऊन निघायचं?

थांबा, आधी थोडं ऐका.

कयाक ही मूळची आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती बनवत. म्हणजे खेळणं नव्हे, पोटापाण्याचं साधन. आपल्याकडे अनेक धरणांवर हेच काम ट्रकच्या चाकाची ट्यूब करते. हवा भरलेल्या ट्यूबवर बसून, हातांनी पाणी कापत जाळं टाकणारी माणसं पाहिलीत ना? त्यांचा तो रोजचा धंदा आहे.

आणि त्या पाण्यातले मासे आपोआप आलेले नसतात. रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साठलेल्या पाण्यात सहसा नाही. म्हणून धरणात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडावी लागतात. ती मुबलक तयार करता येतात, कारण १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन माशांचं प्रजनन घडवलं. म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस.

धरणातली मासेमारी बहुतेक ठिकाणी ठेक्यानं मच्छीमार सहकारी संस्थेकडे असते. बीज सोडायचा खर्च त्यांचा. तुम्ही 'दोनच तर मासे' म्हणून पकडता, ते दुसऱ्याच्या शेतातली कणसं तोडण्यासारखंच.

तेव्हा पहिलं काम, संस्थेला विचारा. पाण्यात उतरायला पाटबंधारे खात्याची परवानगी लागते का, तेही विचारा. दुसरं, लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पोहता येणाऱ्यालाही, आणि पट्टे आवळून. तिसरं, मासा लागला की उठून उभं राहू नका. कयाक तिथेच उलटते. उलटलीच, तर तिला धरून राहा, ती तरंगते. चौथं, वारा सुटायच्या आत काठावर या.

परवानगी नाही मिळाली? मग काठावर बसा, ट्यूबवाल्या काकांशी बोला आणि ताजी रोहू त्यांच्याकडूनच विकत घ्या. घरच्यांची सहल तशीही झकास होते!