बाळापुरात बसून चार विद्यापीठांचं एमए करता येतं का?

ऑनलाइन एमएच्या जाहिराती सध्या प्रत्येकाच्या फीडमध्ये फिरतायत. सोबत क्रेडिट बँक, स्वयं, अपार आयडी असे शब्दही कानावर पडतात. त्यातून अनेकांचा समज असा होतो की एक विषय या विद्यापीठाचा घ्यायचा, दुसरा त्या विद्यापीठाचा, सगळं मोबाईलवर शिकायचं आणि शेवटी पदवी हातात.

असं खरंच होतं का? तर अर्धं होतं. पण उरलेलं अर्धं आधी माहीत नसेल, तर वर्ष वाया जाऊ शकतं.

समजा, बाळापूरच्या एका मुलीचं बीए झालंय. अकोला जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला सगळ्यांना माहितीय. तिला अर्थशास्त्रात एमए करायचंय, पण सोबत डेटा अॅनालिसिसचा एखादा पेपरही हवाय, कारण नोकरीच्या जाहिरातीत तेच मागतात. अकोला पंचवीसेक किलोमीटरवर, तिथं एसटीनं रोजचं जाणं-येणं जमतं. अमरावती शंभराच्या वर. म्हणजे खोली, मेस आणि घरच्यांची परवानगी, तिन्ही आलं. पुण्याचं तर नावच काढायचं नाही. मग तिनं काय करायचं?

पहिला रस्ता आहे 'स्वयं'चा. केंद्र सरकारनं ९ जुलै २०१७ ला सुरू केलेलं हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ. यातले कोर्स वेगवेगळ्या संस्था तयार करतात. त्यातल्या एनपीटीईएल या भागामागे सात आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी आहे. याशिवाय इग्नू आहे, बंगळुरूचं आयआयएम आहे, यूजीसीच्या माध्यमातून देशभरातल्या विद्यापीठांचे प्राध्यापक आहेत. शिकायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरावी लागते. एनपीटीईएलच्या एका कोर्सला ती १००० रुपये आहे.

आता मुद्द्याचं. हे कोर्स म्हणजे फक्त भिंतीवर लावायची प्रमाणपत्रं नाहीत. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या अभ्यासक्रमाच्या एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयं'वरून घेता येतात. २०१६ च्या नियमात ही मर्यादा २० टक्के होती. म्हणजे सत्रात पाच पेपर असतील तर त्यातले दोन तुम्ही दुसऱ्या संस्थेकडून ऑनलाइन शिकू शकता आणि ते तुमच्या एमएत मोजले जातात.

दुसरी गोष्ट आहे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. जुलै २०२१ मध्ये आली. नाव बँकेचं आहे आणि कामही बरंचसं तसंच. डिजिलॉकरमधून खातं उघडायचं, बारा अंकी नंबर मिळतो. तुम्ही वेगवेगळ्या संस्थांत मिळवलेली क्रेडिट्स या खात्यात जमा होतात आणि नंतर पदवीसाठी वापरता येतात. जास्तीत जास्त सात वर्षं ती टिकतात. लग्न, बाळंतपण, घरातलं आजारपण यामुळे शिक्षण मध्येच सुटणाऱ्या मुली आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्यासाठी ही सात वर्षं फार महत्त्वाची आहेत, आणि याची चर्चा सगळ्यात कमी होते.

पण ही बँक पदवी देत नाही. पदवी विद्यापीठच देतं. नियम सांगतो की किमान ५० टक्के क्रेडिट्स पदवी देणाऱ्या संस्थेतूनच मिळवलेली असली पाहिजेत. महाराष्ट्रातल्या नव्या रचनेत दोन वर्षांचं एमए ८८ क्रेडिटचं आहे, सत्राला २२. त्याच्या निम्मे ४४. म्हणजे आपल्या मुलीनं अमरावती विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात प्रवेश घेतला, तर निदान ४४ क्रेडिट तिथूनच हवीत. अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे या विद्यापीठाखाली येतात. त्यामुळे बाळापूरकरांचा पहिला संबंध त्याच्याशीच येतो. दहा ठिकाणांहून दहा कोर्स गोळा केले आणि खात्यात ८८ क्रेडिट दिसले, तरी मूळ संस्था नसेल तर ते नुसते आकडे.

मग घोळ कुठे होतो? क्रमात. विद्यार्थी आधी कोर्स करतात आणि मग प्रमाणपत्र घेऊन कॉलेजात जातात. तिथं उत्तर मिळतं की हा कोर्स आपल्या यादीत नाही. नियमाची रचना उलटी आहे. सत्र सुरू व्हायच्या आधी विद्यापीठानं 'स्वयं'वरच्या कोर्सपैकी कोणते चालतील ते ठरवायचं. मग विद्यार्थ्यानं त्यातला निवडायचा, कॉलेजला कळवायचं आणि नंतर नोंदणी करायची. 'स्वयं'ची सत्रं साधारण जानेवारी आणि जुलैत सुरू होतात, म्हणून विचारणा डिसेंबरात आणि जूनमध्येच व्हायला हवी. आणि विचारणा तोंडी नको. साधा अर्ज करा, कोर्सचं नाव, आठवडे, क्रेडिट आणि तो कोणत्या पेपरच्या जागी हवा ते लिहा, आवक क्रमांक घ्या. कारकून बदलतो, विभागप्रमुख बदलतात, कागद राहतो.

क्रेडिटचा हिशोबही तेव्हाच बघा. एनपीटीईएलचा १२ आठवड्यांचा कोर्स ३ क्रेडिटचा असतो, ८ आठवड्यांचा २ चा. तुमचा पेपर ४ क्रेडिटचा असेल तर ३ चा कोर्स त्याच्या जागी बसेल का, हे आधी विचारलेलं बरं.

याच नियमांत विद्यार्थ्यांच्या बाजूची एक तरतूद आहे, ती फार कुणी सांगत नाही. 'स्वयं'चा कोर्स करणाऱ्या विद्यार्थ्याला लागणारी प्रयोगशाळा, कॉम्प्युटर, ग्रंथालय या सोयी मूळ संस्थेनं मोफत द्यायच्या आहेत. मार्गदर्शनासाठी एक शिक्षकही नेमायचा आहे. घरात एकच स्मार्टफोन आणि तोही भावाकडे, अशी परिस्थिती असेल तर कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसायला मागणं हे उपकार मागणं नाही.

खरं म्हणजे एवढी धावपळ विद्यार्थ्यानं का करावी, हा प्रश्न विचारला पाहिजे. अमेरिकेत ग्रेट प्लेन्स आयडिया नावाची विद्यापीठांची एक युती आहे. कॅन्सस स्टेट, आयोवा स्टेट अशी सरकारी विद्यापीठं त्यात मिळून ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतात. विद्यार्थी एका विद्यापीठात प्रवेश घेतो, ते त्याचं घरचं विद्यापीठ. पेपर वेगवेगळ्या विद्यापीठांचे प्राध्यापक शिकवतात, फीचा दर सगळीकडे सारखा आणि पदवी घरच्या विद्यापीठाची. कोणता पेपर कुठं मोजायचा हे विद्यापीठांनी आपसात आधीच ठरवलेलं असतं. आपल्याकडे तोच समन्वय विद्यार्थी अर्ज हातात घेऊन करतो.

आपल्याकडेही असा विचार झाला होता. १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी डिजिटल विद्यापीठाची घोषणा केली. देशातली चांगली सरकारी विद्यापीठं आणि संस्था जाळ्यासारख्या जोडायच्या आणि भारतीय भाषांतून शिकवायचं, अशी ती कल्पना. पण आज प्रवेश घ्यायचा असेल तर घोषणेवर नाही, वर सांगितलेल्या नियमांवरच विसंबावं लागतं. परदेशी विद्यापीठासोबतच्या संयुक्त पदवीचे नियमही २०२२ मध्ये आले, पण ते ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रमांना लागू नाहीत. त्यामुळे घरबसल्या भारतीय आणि परदेशी अशी जोडपदवी देतो म्हणणारी जाहिरात दिसली, तर पैसे भरायच्या आधी दहा प्रश्न विचारा.

दुसरा रस्ता म्हणजे पूर्ण ऑनलाइन किंवा दूरस्थ एमए. यूजीसीची मान्यता असेल तर ही पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. इग्नू आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, ज्याचं विभागीय केंद्र अमरावतीत आहे. एप्रिल २०२२ पासून एक नियमित आणि एक ऑनलाइन किंवा दूरस्थ, अशा दोन पदव्या एकाच वेळी घ्यायलाही यूजीसीची परवानगी आहे. पीएचडी मात्र यात येत नाही.

इथं तपासायच्या गोष्टी दोनच. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत ते विद्यापीठ आहेच, पण तो नेमका अभ्यासक्रम आणि ते वर्ष आहे का? विद्यापीठाला मान्यता असणं आणि त्या अभ्यासक्रमाला असणं, यात फरक आहे. आणि प्रवेश कोण देतंय? पदवीसाठी फ्रँचायझी चालत नाही, हे यूजीसीनं जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट बजावलंय. चौकातल्या सेंटरवर किंवा अॅपच्या नावावर फी भरू नका, विद्यापीठाच्याच खात्यात भरा. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी डीईबी आयडीही लागतो. तो विद्यार्थ्यानं स्वतः काढायचा असतो आणि त्याला क्रेडिट बँकेचा नंबर लागतो. दुसरं कुणी 'आम्ही काढून देतो' म्हणत असेल तर ओटीपी देऊ नका.

नावाचीही एक भानगड आहे. हे सगळे नंबर आधारवरच्या नावाशी जोडलेले. आपल्याकडे मार्कशीटवर माहेरचं नाव, लग्नानंतर आधारवर सासरचं, कुठं वडिलांचं नाव पूर्ण तर कुठं नुसतं अक्षर. खातं उघडतानाच हे जुळवून घ्या. शिवाय क्रेडिट तुम्हाला स्वतःला खात्यात टाकता येत नाहीत, ती संस्थाच टाकते. निकाल लागल्यावर महिनाभरात डिजिलॉकर उघडून बघायचं. दिसले नाहीत तर परीक्षा विभागात अर्ज द्यायचा.

भाषेचं सांगायलाच हवं. 'स्वयं'वरचे बहुतेक कोर्स इंग्रजीत आहेत. एनपीटीईएलच्या काही कोर्सचा मजकूर मराठीतही मिळतो, पण मराठीतून बीए झालेल्या मुलीला पहिले दोन-तीन आठवडे जड जाणार. व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघता येतो, एवढी सोय आहे. म्हणून पहिल्या सत्रात एकच कोर्स घ्या.

आणि परीक्षा? कोर्स ऑनलाइन असला तरी 'स्वयं'ची अंतिम परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. एनपीटीईएलमध्ये २५ गुण दर आठवड्याच्या असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे. पास व्हायला असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत. परीक्षेच्या फॉर्ममध्ये शहर निवडायचं असतं. जवळचं केंद्र आधी भरून जाऊ शकतं, म्हणून फॉर्म सुरू झाल्या झाल्या भरा. पेपर सकाळचा असेल आणि केंद्र दूरचं, तर बाळापूरहून पहिल्या एसटीनं वेळेत पोहोचता येतं का तेही तेव्हाच बघून ठेवा.