खळे कोणाचे?

गेल्या वैशाखात, लग्न ठरले म्हणून, माझ्या चुलतपुतण्याने घराच्या मागल्या अंगास खळ्यावर एक खोली बांधावयास काढली. पायाचे चर जेमतेम गुडघाभर खणून झाले असतील नसतील, तोच वायुवाहिनीच्या वाटेने पायी फिरणारा गस्तीचा माणूस तेथे आला, त्याने खळ्यातल्या पिवळ्या खांबाकडे बोट दाखविले, 'येथे बांधकाम होणार नाही' असे अगदी सौजन्याने सांगितले आणि चराचे दोन फोटो काढून तो पुढे गेला. पुतण्या माझ्याकडे आला तो भांडावयास नव्हे, नुसते विचारावयास. परंतु त्या विचारण्याने, जी वर्षे मी निकालात काढली असे समजत होतो, त्यांचे दफ्तर मला पुन्हा उघडावे लागले.

आमच्या पेण आणि रोहे ह्या तालुक्यांच्या भूमीवर कोणी ना कोणी हक्क सांगत आला, ह्यात नवल नाही. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३पासून खोतांविरुद्ध सहा-सात वर्षे जमिनी पडीक ठेवल्या, ही कथा आमच्या पिढीने इतक्या व्यासपीठांवरून ऐकली की तिच्यातला दाह गेला आणि हारतुरे तेवढे उरले. पुढे १९७४मध्ये मुंबई हायला तेल लागले, त्याबरोबरचा वायू उरणला किनाऱ्यावर आला, थळला खतांचा आणि नागोठण्यास रसायनांचा प्रचंड कारखाना उभा राहिला. ह्या साऱ्या वर्षांत उद्घाटने पुष्कळ झाली आणि सांगण्यासारखे थोडे. अपवाद एकच. ५ नोव्हेंबर १९९० रोजी नागोठण्याच्या कारखान्यात इथेन-प्रोपेनच्या गळतीतून स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे दगावली. वायू हा शब्द रोह्याच्या बाजारात त्या दिवसापासून हलक्या आवाजात उच्चारला जाऊ लागला.

मला थांबावयाचे आहे ते २००५ ते २०१५ ह्या दशकापाशी. त्या दशकाचा प्रारंभ तर असा झाला की लोकशाही आमच्या खारेपाटात मुक्कामालाच आली आहे असे वाटावे. 'महामुंबई सेझ' ह्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याचा घाट घातला गेला, त्याविरुद्ध प्रा. एन. डी. पाटील आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले, आणि अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी, रविवारी, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेण तालुक्याच्या २२ गावांत, जमीन द्यावयाची की नाही ह्याविषयी शेतकऱ्यांचे मत शासनाने चक्क मतपत्रिकेवर घेतले. ज्यांनी आयुष्यात पंचनाम्यावर अंगठा उठविण्यापलीकडे सरकारदरबारी काही केले नव्हते, अशा वृद्धा त्या दिवशी ठेवणीतली लुगडी नेसून रांगेत उभ्या होत्या. त्या मतदानाचा निकाल शासनाने अधिकृतपणे कधीच जाहीर केला नाही. पुढल्या वर्षी भूसंपादनाची मुदत टळली, जमिनी वाचल्या, आणि आम्ही फटाके वाजवून, त्या न सांगितलेल्या निकालाविषयी विचारण्याचे विसरलो.

त्याच दशकात आमच्या गावावरून वायुवाहिनी गेली. ह्या पट्ट्यातून अशा वाहिन्या एकाहून अधिक गेल्या आहेत. आमची कोणाची, ते नाव येथे घेत नाही. सेझला मत होते, पोलादाच्या कारखान्याला जनसुनावणी होती, वाहिनीला मात्र १९६२चा एक कायदा होता. तो जमीन घेत नाही. जमिनीच्या पोटातील 'वापराचा हक्क' तेवढा घेतो, मोबदला म्हणून बाजारभावाचा दहावा हिस्सा आणि पिकाची नुकसानभरपाई देतो, आणि सातबाऱ्यावर नाव तुमचेच राहू देऊन, त्या पट्ट्यात घर, विहीर, झाड ह्यांना कायमची मनाई करतो. राजपत्रात अधिसूचना निघाल्यावर हरकत घेण्यास मुदत २१ दिवसांची. हरकत ऐकतो सक्षम प्राधिकारी, आणि त्याचा निर्णय अंतिम. २००६च्या पर्यावरण-अधिसूचनेत अशा वाहिनीचा विचार होतो तो ती अभयारण्य किंवा तत्सम नाजूक क्षेत्रातून जात असेल तर; म्हणजे कर्नाळ्याच्या पाखरासाठी आणि फणसाडच्या भेकरासाठी जी विचारपूस होते, तीही आमच्या वाट्याची नव्हती.

आमच्या घरचा अर्ज मी लिहिला. घरात लेखणी चालविणारा मी एकटा, आणि त्याचा मला थोडा अहंकारही होता. 'आमच्या शेतजमिनीतील परंपरागत खळे वाहिनीमुळे बाधित होत असल्याने' अशी वाक्यरचना करून, तीन फुलस्केप पाने भरून, तो मी कार्बन घालून लिहिला आणि मुदतीच्या एकोणिसाव्या दिवशी रुजू केला. सुनावणीस आण्णा, म्हणजे माझे थोरले चुलतबंधू, धुवट सदरा घालून, सातबाऱ्याची सुरळी काखेत धरून आले. आमच्या आधी शेजारची एक आगरी म्हातारी उभी राहिली. वाहिनी तिच्या ओटीपासून वीस पावलांवर. परंतु पट्ट्यात तिची गुंठाभरही जमीन नसल्याने, तिला हितसंबंध नाही आणि म्हणून हरकतही नाही, असे तिला समजावण्यात आले. ती बाकाला धरून म्हणाली, "साहेब, उद्या फुटली त ती काय सातबारा बगून फुटल?" लेखनिक हसला. ते वाक्य टिपणात उतरले नाही, तोंडी होते.

मग आण्णा म्हणाले, "साहेब, खळं घराचंच आहे. आमच्याकडे बाळंतिणीसुद्धा खळ्यात उन्हाला बसतात." अधिकाऱ्याने अर्ज चाळला, एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ ओढली आणि शांतपणे म्हटले, "तुम्हीच तर शेतजमिनीतील म्हणून लिहिलंय." हरकत अमान्य झाली.

त्या कायद्याचे सातवे कलम मी पुढे, चर बुजल्यावर, वाचले. राहत्या घराच्या अनुषंगाने असलेल्या जमिनीखालून वाहिनी नेऊ नये, असे त्यात स्पष्ट आहे. 'शेतजमिनीतील' ह्याऐवजी 'घरालगतचे' एवढा एक शब्द मी लिहिला असता, तर निदान वाद तरी उभा राहिला असता. तो शब्द मला सुचला नाही हा माझा अपराध. परंतु त्या खोलीत तो शब्द ठाऊक असलेली माणसे बसली होती, आणि आम्हांला तो सांगणे हे आपले काम आहे असे त्यांतील एकालाही वाटले नाही. ज्याला विचारावयाचे त्याच्या उत्तराला कायद्यात काय मोल आहे हे त्याला आधी सांगावयाचे नसेल, तर त्या विचारण्याला सुनावणी म्हणू नये. ती केवळ पोच आहे.

आमच्या पुढाऱ्यांविषयी काय लिहावे! सेझच्या वेळी ज्यांनी घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, त्यांच्यातलेच काहीजण वाहिनीच्या खोदाईची कंत्राटे घेऊन आमच्या बांधावर उभे राहिले. वाहिनी जमीन नेत नाही, मग ओरडता कशाला, हा त्यांचा युक्तिवाद. उलट, तामिळनाडूत अशाच एका वायुवाहिनीविषयी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०१३मध्ये सात जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे म्हणणे कोइंबतूर येथे ऐकले गेले आणि तेथील सरकारने वाहिनी महामार्गाच्या कडेने न्यावी अशी भूमिका घेतली. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही हे खरे. परंतु एक राज्य शेतकऱ्याचे ऐकून हरले, ह्यातही एक अब्रू आहे. २७ जून २०१४च्या पहाटे आंध्रातील नगरम गावी वस्तीलगतची वायुवाहिनी फुटून वीसच्या वर माणसे गेली, तेव्हा ती बातमी आण्णांनी मला मोठ्याने वाचावयास लावली. शेजारची म्हातारी त्यापूर्वीच वारली होती.

आता ऑक्टोबर २०२४मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांवर नवे नगर वसविण्याची अधिसूचना निघाली आहे. तीनशे फलक उभारून जो विकास सांगितला जातो, त्याची सूचना मात्र अजूनही चावडीच्या भिंतीवर, पावसाने सुटलेल्या खळीला लोंबकळत असते. आणि तरुण पोरे तिच्यापुढून मोटारसायकल हाकीत निघून जातात.

आण्णा गेले त्यास दोन वर्षे झाली. त्यांच्या ट्रंकेत माझ्या अर्जाची कार्बनप्रत निघाली, घडीवर विरलेली. आवक शिक्का निळा, तारीख स्वच्छ. पुतण्याने ती खळ्यातल्या अर्धवट चराच्या काठावर बसून दोनदा वाचली. मी त्या ओळीवर बोट ठेवण्याच्या बेतात होतो, पण धीर झाला नाही.

"काका, हरकतीची मुदत कधी संपली?" त्याने विचारले.

"तू तेव्हा पाचवीत होतास," मी म्हणालो.

त्याने प्रत घडी करून परत दिली, आणि फावडे घेऊन तो चर बुजवू लागला.